थांबेल का ते विचारा

मी एक जुनी, काळी, उंच एसयूव्ही आहे. यातला 'जुनी' हा शब्द तोंडातून निघायला मला चौदा वर्षे लागली. त्याआधी कोणी वय काढले, की मी पुढची जाळी चमकवून वेळ मारून नेत असे. मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी हकिकत सांगणार आहे आणि सांगताना माझी मान खाली आहे. गाडीला मान नसते, हे मलाही कळते. पण शरम असते.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या माहितीपुस्तकात छापले होते, की मी दोन हजार किलो ओढू शकते. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी मला घर ते दवाखाना यापलीकडे फारसे नेले नाही. बारा वर्षांत मी वाहिलेला सर्वांत जड ऐवज म्हणजे एक गादी. बाकी वेळ सावलीत उभे राहायचे आणि अंगाला पॉलिश लावून घ्यायचे. येणारे-जाणारे म्हणत, "काय दणकट गाडी आहे!" जिचा कधी कस लागला नव्हता, त्या ताकदीचा मला केवढा तोरा होता!

पुढे डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि मी घोडेबाईंकडे आले. त्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवत, म्हणून सगळे त्यांना घोडेबाई म्हणत. त्यांच्या पागेत बदामी नावाची एक वयस्क घोडी होती. नवखे मूल पाठीवर असले, की ती पाऊलसुद्धा जपून टाकायची. दोन वर्षे मी तिच्यासाठी चंदीची पोती आणली. पण आमची खरी गाठ पडली ती तिचा डावा डोळा दुखायला लागला तेव्हा.

घोड्यांचे इस्पितळ डोंगरापलीकडे होते. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर बजावले, "औषधाचे थेंब घालत राहा, पण ऑपरेशन इथेच करावं लागेल. आठ दिवसांच्या आत आणा, नाहीतर डोळा जाईल."

बाईंनी ओळखीतून घोडे न्यायचा ट्रेलर मिळवला. तो आणि बदामी मिळून सोळाशे किलो भरत होते. ते ओझे ओढायला मला सजवण्यासाठी बाई आणि त्यांचे दादा मला मिस्त्रींकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी दोन दिवस राबून मागे जाड हुक बसवला, खालचे स्प्रिंगचे पाटे भक्कम केले, ट्रेलरच्या दिव्यांसाठी वायर ओढली, दोन्ही बाजूंना लांब दांड्यांचे आरसे लावले. मी तर नव्या नवरीसारखी स्वतःलाच त्या आरशांत पाहत होते.

"आजवर घोड्याने गाडी ओढली, आता गाडी घोडीला ओढणार," मिस्त्री हसत म्हणाले. मग हात पुसत गंभीर झाले. "पण बाई, एका ठिकाणी घोडं अडलंय. ब्रेकची पेटी यायचीय. पेडल दाबलं, की ट्रेलरचेही ब्रेक लागले पाहिजेत. नाहीतर सगळा भार एकट्या गाडीवर येतो. तीन दिवस थांबा."

"तीन दिवस?" दादा उसळले. "तिकडे तिचा डोळा चाललाय! दोन हजार किलो ओढते ही. पुस्तकात छापलंय, मिस्त्री."

"ओढेल हो, दादा. थांबेल का ते विचारा."

मला भयंकर राग आला. माझ्यासारखीला हा प्रश्न! दादांनी लगेच रिकामा ट्रेलर जोडला आणि बाईंना घेऊन एक फेरी मारली. मी छाती काढून धावले. परतताना एक लहानसा उतार लागला. तो संपता संपता बाईंनी नाक मुरडले.

"दादा, कसला जळका वास येतोय?"

"अगं, हुकाचा नवा रंग तापलाय."

मित्रांनो, तो वास माझ्या ब्रेकचा होता. मला तो ठाऊक होता. नुसती करकरले असते, तरी बाई थांबल्या असत्या. पण चारचौघांत करकरणे मला कमीपणाचे वाटले. दादांचे उत्तर ऐकून मला हायसे वाटले, हे सांगताना आजही माझा रंग उतरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदामीला ट्रेलरमध्ये चढवले. तिने एकदाही आढेवेढे घेतले नाहीत. बाईंनी सांगितले आणि ती चढली. चढणीवर मी डौलात गेले. मग उतार सुरू झाला आणि ट्रेलर मला मागून ढकलू लागला. बाईंनी पेडल दाबले. पुन्हा दाबले. पाय थेट खाली गेला. त्यांनी गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि मला रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घातले.

आम्ही थांबलो. माणसांना खरचटलेही नाही. पण मागून बदामीची जी खिंकाळी आली, ती मी विसरू शकत नाही. ती गुडघ्यांवर पडली होती आणि दोन्ही गुडघे सोलवटले होते. बाईंनी तिला बाहेर काढले तेव्हा ती थरथरत होती. माझ्या चाकांतून धूर निघत होता. तिने तो हुंगला आणि ती माझ्यापासून मागे मागे सरली. मग बाई तिला घेऊन तीन तास चालत घरी गेल्या.

तीन दिवसांनी पेटी आली. मिस्त्रींनी ती बसवली, माझे ब्रेक बदलले आणि एवढेच म्हणाले, "आता थांबेल." मी सांगितलं होतं, असे ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते, तर बरे झाले असते.

आता खरेच घोडे अडले. मला पाहिले, की बदामी चारही पाय रोवायची. गाजर दाखवून झाले, चुचकारून झाले. आठवा दिवस गेला. नवव्या दिवशी दादा ट्रेलरच्या फळीवर बसले आणि चेहरा ओंजळीत धरून म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे सगळं."

"एकट्या तुझ्यामुळे नाही रे, दादा," बाई म्हणाल्या. "वास मलाही आला होता."

मी तिथेच उभी होते. मला कोणीच काही बोलले नाही.

तेवढ्यात बाईंच्या काहीतरी ध्यानात आले. त्यांनी ट्रेलर सोडवला, मला दूर नेऊन उभे केले आणि बदामीला नुसत्या ट्रेलरमध्ये चढवून पाहिले. ती थोडी अडखळली, पण चढली. तिला ट्रेलरची नाही, माझी भीती होती! बाईंनी मला पागेसमोर आणून चंदी माझ्या बॉनेटवर पसरली. पहिल्या दिवशी ती दहा पावलांवरून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी मान लांब करून दोन दाणे उचलले. तिसऱ्या दिवशी तिने सगळी चंदी फस्त केली. माझ्या पॉलिशवर लाळ सांडली, दातांचे ओरखडे उठले. इतक्या वर्षांत मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

बाराव्या दिवशी आम्ही निघालो. त्या खडीच्या ढिगापाशी बाईंनी मुद्दाम पेडल दाबले. मी थांबले, ट्रेलर थांबला. आत बदामी नुसती फुरफुरली.

इस्पितळात डॉक्टरांनी बराच वेळ तपासले. मग म्हणाले, "चार दिवस आधी आणायला हवी होती, बाई." डावा डोळा काढावा लागला. तीन दिवस वाचवायला निघालेल्या आम्ही तो गमावला.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी, सायकल, पंखा करकरला तर त्याच्यावर चिडू नका. आमची बोली तीच आहे, आणि मी नेमकी नको तेव्हा गप्प बसले. कोणी 'ओढेल की' म्हणाले, तर तुम्ही 'थांबेल का' ते विचारा. आणि जळका वास आला, तर त्याला नवा रंग म्हणू नका.

बदामी अजून रोज संध्याकाळी माझ्या बॉनेटवरची चंदी खायला येते. "हिला माफ केलंन् तिने," बाई दादांना सांगतात. चंदी संपली, की ती मान वळवते आणि उरलेल्या डोळ्याने मला नीट न्याहाळते. तेव्हा अंधार पडत आलेला असतो, पण बाईंनी माझे दिवे लावू नयेत असे मला वाटते. माझे दोन्ही शाबूत आहेत.