एक्केचाळीस रिकाम्या याद्या

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तशी ती कीबोर्ड सोडून धावली. गॅस बंद केला, कानोसा घेतला. लेक झोपेतच होती. म्हणजे अजून अर्धा तास हातात.

तेवढ्या वेळात तिला तळ्याच्या मामांच्या गैरहजेरीचे दिवस काढून साहेबांना पाठवायचे होते. मामा संशोधन केंद्राचे जुने निरीक्षक. रोज संध्याकाळी तळ्याकाठी बसायचे आणि बेडूक ज्या ज्या मिनिटाला ओरडेल ते मिनिट फोनवर नोंदवायचे. त्या मिनिटांची यादी केंद्राच्या मोठ्या फाइलमध्ये जाऊन बसायची. यंदा फाइलमध्ये एक्केचाळीस दिवस सापडतच नव्हते. मामांनी दांड्या मारल्या, आता त्यांना नारळ द्यायचा, हे साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं.

राहवेना म्हणून तिने मामांना फोन लावला. आडवळणाने विचारलं, तरी त्यांच्या ध्यानात आलंच.

"पोरी, एक दिवस चुकवला नाही. बसलो, डास चावून घेतले. कुणी ओरडलंच नाही, म्हणून यादी रिकामी पाठवली. ओरडल्याचं खोटं लिहू का?"

फाइल भरणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता, लेकीच्या वेळी सातवा महिना चालू असताना. तेव्हाच्या फाइलला रिकामी यादी पचत नसे, काम तिथेच अडून बसे. तिने एका ओळीत वाट काढली होती: यादी रिकामी असेल तर पुढे चला. यादीबरोबर तारीखही गेली, आणि तारखेबरोबर मामांचं तिथं बसणंही.

फाइलच्या नव्या आवृत्तीत रिकामी यादीही सुखाने मावत होती. तिने ती ओळ खोडली, मामांचे मूळ संदेश पुन्हा फाइलमध्ये घातले. एक्केचाळीस तारखा आल्या, प्रत्येकीपुढे रिकामा कंस. मग साहेबांना लिहिलं: चूक मामांची नाही, माझी आहे.

साहेबांचा लगेच फोन. आधी चांगलंच फैलावर घेतलं. मग आवाज उतरला. मामा राहतील म्हणाले, आणि हे गप्प दिवस सगळे सलग आहेत, ते नीट बघायला हवेत, तूच बघ, असंही.

लेक डोळे चोळत येऊन मांडीवर चढली. हे रिकामं काय म्हणून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, की या दिवसांत मामा ऐकायला गेले, पण बेडूक बोललेच नाहीत. आणि ही खालची ओळ बघ, इथून परत बोलायला लागले.

लेकीने रिकाम्या ओळींवरून बोट फिरवलं.

"कुणावर रुसले होते गं?"