शेवटचं गाणं मागणारं गिऱ्हाईक

सोलच्या जोंगनो भागात, आमच्या गल्लीत प्यो मॅडमचं संगीत-चहाघर होतं. परवाना त्यांच्या नावावर आणि त्यांचा जीव त्या परवान्यात. साल १९८१. बंदीतलं एक गाणं वाजलं तरी दाराला कुलूप लागायचं. म्हणून काचेच्या खोलीत बसून तबकड्या लावणारा ह्योंगसिक मना झालेल्या गाण्यांवर खिळ्याने रेघ ओढून ठेवायचा. कोणतं गाणं का मना झालं, हे विचारायची सोय नव्हती. एक म्हणे फार उदास होतं, दुसरं उगाच आनंदी.

प्रत्येक तबकडीच्या शेवटी मात्र सरकारी हुकमाचं एक 'सुदृढ गाणं' असायचंच. पहाटे उठा, काटकसर करा, देश घडवा. ते सुरू व्हायच्या आत सुई उचलायची, हा सगळ्याच चहाघरांचा रिवाज.

त्या हिवाळ्यात करड्या कोटातला एक माणूस येऊ लागला. अंड्याचा बलक घातलेली कॉफी मागवायचा आणि रोज चिठ्ठीवर एकाच तबकडीचं ते शेवटचं गाणं लिहायचा.

"स्वखुशीने?" मॅडमनी चिठ्ठी उजेडात धरली. "ह्योंगसिक, हा सरकारी माणूस. लिहून ठेव."

"आणि खरंच आवडत असेल तर?"

"तर डॉक्टरकडे जाईल, माझ्याकडे कशाला येईल?"

झालं! दिवसभर सुदृढ गाणीच लागू लागली. विद्यार्थी समोरच्या चहाघरात पळाले. मी शेजारचा शिंपी, मला बसायला ऐसपैस जागा झाली. माझी तक्रार नव्हती.

शेवटी कोटवालाच वैतागला. "मॅडम, हे काय लावलंय सकाळपासून? शाळेच्या मैदानात कवायतीला उभं केल्यासारखं वाटतंय."

"तुम्हीच मागता ना, साहेब?"

"मी एकच मागतो. ते मी गायलोय."

मॅडम हसल्या नाहीत. "पुरावा?"

त्याने कप खाली ठेवला आणि एक ओळ म्हटली, काटकसरीचीच. ह्योंगसिकने काचेआडून मान हलवली. तोच आवाज.

"त्या तबकडीवरची बाकीची सगळी मना झाली," तो म्हणाला. "मलाही कुठे गाऊ देत नाहीत. एवढं एकच उरलंय, ज्याला कोणी हात लावत नाही."

मला वाटलं, आता मॅडमचा जीव भांड्यात पडेल. कसला पडतोय! सरकारी माणसाचं कॉफीवर भागलं असतं. बंदीतला गायक दुकानात सापडला, तर परवाना गेलाच. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे, मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

"शिंपीबुवा, काही ऐकलंत?"

"मी मापं सोडून काही लक्षात ठेवत नाही, मॅडम."

"असंच सगळे म्हणतात." त्या गायकाकडे वळल्या. "उद्यापासून मागच्या दाराने या. चिठ्ठी लिहायची नाही, नाव सांगायचं नाही. ह्योंगसिक, लाव याचं. हळू आवाजात."

गाणं सुरू झालं. मॅडम माझ्या समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि ते संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या.