गोणपाटावरचे कोंब

सोनाळ्यात जहांगीरचं बियाण्याचं दुकान होतं, पण माणसं यायची ती दुकानासमोरच्या बाकड्यासाठी. मृग जवळ आला की जहांगीर थैलीतलं मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून बाकड्याच्या टोकाला ठेवायचा आणि चार दिवसांनी सगळ्यांदेखत उघडायचा. कोंब फुटले तर बी चांगलं, नाही तर थैली परत. बापाच्या काळापासूनची रीत. तेवढे चार दिवस बाकड्यावर बसायला जागा मिळायची नाही, आणि पुंजाजी तर बारा महिने तिथंच ठाण मांडून असायचा.

मग बीटी कपाशी आली. बोंडअळीला पुरून उरणारं बी! जहांगीरनं त्या नव्या थैल्याही गोणपाटात घातल्या. कोंब आले झकास. "बिनघोर पेरा," तो म्हणाला, आणि अर्ध्या गावानं पेरलं. दिवाळीपर्यंत अळीनं बोंडं पोखरून टाकली. बी बनावट निघालं. बनावट बियालाही कोंब फुटतात, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, आणि जहांगीरच्या तर मुळीच नाही.

बाकडं ओस पडलं. भांडायलाही कुणी आलं नाही. आले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

या वर्षी त्यानं खात्रीच्या ठिकाणाहून माल आणला. पण ती खात्री दाखवायची कशी? खरी थैली आणि खोटी थैली, दोन्ही दिसायला सारख्याच. समोरचा दुकानदार शेखर मात्र छातीवर हात मारून ग्यारंटी देत होता, आणि गर्दी तिकडेच होती.

एका सकाळी पुंजाजी आला. वर्षभरात पहिल्यांदाच. बगलेत शेखरच्या दुकानातली थैली.

"हे तुह्या गोणपाटात टाक बरं. शेखर ग्यारंटी देते, पण तू पाह्यलं म्हंजे मले झोप लागते."

जहांगीरला भरून आलं. चार दिवस पुंजाजी येईल, बसेल, चहात साखर कमी म्हणून कुरकुरेल. कोंब तर येणारच होते. त्यानं गोणपाट बादलीत बुडवलंही. मग हात थांबला.

"पुंजाजीभाऊ, यानं काईच समजत नाही. बी उगवते, एवढंच समजते. अळीचं काय ते बोंडं धरल्यावरच समजते."

"अन् तुह्या थैलीचं?"

"तिचंबी नाही सांगता येत मले."

पुंजाजीनं थैली परत उचलली.

"चांगलं हाय म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं बे? बसलो असतो ना मी."

थैली बगलेत मारून तो निघून गेला.

जहांगीरनं गोणपाट पिळून खिळ्याला अडकवलं. आभाळ भरून आलं होतं, म्हणून बाकडं आत घ्यायला वाकला. एकट्याला ते उचलेना. दरवर्षी दुसरं टोक पुंजाजी धरायचा.