कुलपाची नाडी

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत डोमाजीची नाच-सोंगांची दंडार नाचली नाही, तर बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीकडच्या गावांना मंडई झाल्यासारखी वाटत नसे. पासष्टच्या साली सरहद्दीवरची लढाई नुकतीच थांबली होती. त्या वर्षी डोमाजीनं गावच्या सरकारी दवाखान्यावर सोंग रचलं. इमारतीचं उद्घाटन दोनदा झालं होतं, डॉक्टर मात्र एकदाही आला नव्हता; दाराला कायम कुलूप.

सोमवारी भर दुपारी डोमाजी रोगी बनून कण्हत आला आणि सोबत आणलेल्या भल्यामोठ्या कुलपालाच डॉक्टर समजून त्याची नाडी पाहू लागला.

"डाक्टरसाहेब, तुमचंच अंग थंड पडून राह्यलं. दवा तुमालेच पाह्यजे!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मंडईचे प्रमुख दुलीचंद सेठ मात्र ताडकन उठले.

"बंद करो ये सब! देशावर संकट, अन् तू सरकारची टिंगल करतं? हा देशद्रोह हाय."

ढोलकी थांबली. डोमाजीचा चेहरा उतरला. असा शब्द त्याला आजवर कुणी लावला नव्हता.

"सेठजी," तो हळू आवाजात म्हणाला, "दवाखाना परक्या देशाचा असता, तर मी काहून बोललो असतो? आपला हाय, म्हणून तर जीव जळते."

"मग अर्ज कर. चारचौघांत काहून नाचतं?"

"अर्ज केलते. आता तुमीच इथं या, सरकार व्हा अन् जवाब द्या."

लोकांनी "हौ, हौ" करत सेठजींना पुढं आणलं. सेठजी आधी रागानंच बोलले, देश मोठा हाय, डाक्टर कमी हायत. डोमाजी प्रत्येक वाक्याला खोकून विचारी, "मग उद्घाटन काहून केलं, साहेब?"

शेवटी सेठजींनाच हसू फुटलं. "अरे, दोन्ही वेळा नारळ मीच फोडला! मी काय सांगू?"

संध्याकाळी सेठजींनी दंडारवाल्यांसाठी पुऱ्या पाठवल्या, मागोमाग स्वतःही आले. डोमाजीनं हात जोडले. "आज सोमवार. धान्य वाचवा, एक वेळ उपास करा, असं पंतप्रधानांनी सांगितल्यापासून सोमवारी रात्री आमच्या घरी चूल पेटत नाही."

सेठजींनी पुऱ्या झाकून ठेवल्या आणि ते म्हणाले, "सकाळी घरी ये. सोबत जेवू, अन् बालाघाटले जाऊन डाक्टरचं विचारू."

दोघं गेले, पुन्हा पुन्हा गेले. होळीच्या आधी डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येऊ लागला. गाव खूश झालं. डोमाजीची बायको चंपाबाई तेवढी म्हणाली, "अन् बाकीच्या दिवसांचं काय?"

"पुढच्या मंडईत पाहू ना," म्हणत डोमाजी हसत आंघोळीला गेला.