सव्वा फेरा

पंपाला स्टेनलेस म्हटलं की माणसं निर्धास्त होतात, आणि ताईच्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप त्याचाच होता. गंजत नाही ना, मग झालं, टाका कोपऱ्यात. कुणी त्यावर हेल्मेट ठेवतं, कुणी वर बसून डबा खातं, आणि पंपाच्या तोंडावरची झाकणं तर कुणीतरी स्क्रू ठेवायला पळवली होती. कारखान्यातले सगळे पंप ताईच्या हाताखालून जायचे, त्यामुळे चिडायचा मानही तिचाच.

त्या सकाळी ॲसिडच्या टाकीवरचा पंप गळायला लागला. बदली पंप स्टोअरमध्ये होता, आणि स्टोअर होतं दादाकडे, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या भावाकडे. साहेबांकडे शब्द टाकून तिनेच त्याला तिथे चिकटवलं होतं.

"गेल्या महिन्यात स्टोअरमधला व्हॉल्व्ह खराब निघाला," साहेब म्हणाले. "आता हा पंप संध्याकाळपर्यंत चालला नाही, तर स्टोअरला मला दुसरा माणूस बघावा लागेल. तुमचे भाऊ आहेत, कबूल. पण किती सांभाळून घ्यायचं?"

"पंप चालेल," ताई म्हणाली आणि तरातरा स्टोअरमध्ये गेली.

दादाने पंपावर टाकलेलं आखूड कापड काढलं. "बघ, नवा कोरा."

तिने शाफ्टला, पंप फिरवणाऱ्या दांड्याला, हात घातला. हलेना. दोन्ही हातांनी जोर केला, दात-ओठ खाऊन केला. ढिम्म.

"दादा, हा फिरवत होतास ना?"

"दर सोमवारी. रेघ बघ की."

पडून असलेल्या पंपाचा शाफ्ट आठवड्यातून एकदा हाताने सव्वा फेरा फिरवायचा, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. नाहीतर सगळं वजन बेअरिंगच्या एकाच जागी बसतं, आणि आतल्या, गळती अडवणाऱ्या सीलच्या गुळगुळीत चकत्या एकमेकींना चिकटून बसतात. फिरवल्याची खूण म्हणून शाफ्टवर खडूची रेघ: या सोमवारी वर, पुढच्या सोमवारी बाजूला, मग खाली. आज रेघ खाली होती. म्हणजे सगळं बरोबर.

पण शाफ्टच्या वरच्या अंगावर धुळीचा जाड थर होता आणि खालचं अंग लख्ख. फिरणाऱ्या शाफ्टला धूळ चहूबाजूंनी बसते. शाफ्ट होता तिथेच होता. सोमवारी सोमवारी पुसून पुढे सरकली होती ती नुसती रेघ. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रेघ फिरवत होतास? अरे, रेघ?"

दादा काढलेल्या कापडाची घडी घालत राहिला.

रागाच्या भरात तिने पान्याला लावायला लांब पाइप उचलला आणि तसाच खाली ठेवला. जोर केला तर सील फुटेल, मग बसा बोंबलत. तिने सीलवर कोमट पाणी सोडलं आणि बॅटरी दादाच्या हातात दिली.

"धर. अजून वर. दादा, पंप वर आहे, मी तुझी चप्पल दुरुस्त करत नाहीये. उजव्या हाताने धर ना."

उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. दादाचा चेहरा पिळवटला.

ताईने बाकीच्या पंपांकडे पाहिलं. सगळ्या रेघा तिरक्या, डाव्या हाताच्या. लहानपणी तिच्या वहीत पट्टी न लावता सरळ समास आखून देणारा हाच माणूस.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. खांदाच वर जात नाही."

"मग बोलायला काय झालं होतं? सोमवारी पाच मिनिटं येऊन मी फिरवले असते."

"तू शब्द टाकून मला लावलंस. त्यात माझं कामही तूच करायचं?"

ताई आणखीच चिडली. पट्ट्याचा पाना लावून ती शाफ्ट केसभर मागे, केसभर पुढे करत राहिली. बऱ्याच वेळाने आत काहीतरी सुटलं आणि शाफ्ट फिरला. मग तिने सगळं उघडून कोरडं केलं, सील तपासलं, पंप बसवला. दिवस मावळताना तो चालू झाला.

"चांगला ठेवलाय की पंप," साहेब दादाला म्हणाले.

आता याने गप्प बसावं, एवढंच ताईला वाटत होतं.

"नाही साहेब," दादा म्हणाला. "मी नुसत्या रेघा मारत होतो. खांदा चालत नाही."

ताईने कपाळावर हात मारला. नको तेव्हा लपवतो आणि नको तेव्हा बोलतो.

"मग फिरवणार कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी," ताई म्हणाली. "याचा खांदा बरा होईपर्यंत. रेघ तो मारेल."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "सोमवारी मी स्वतः बघायला येईन," एवढं बोलून ते गेले.

"उद्या दवाखान्यात जायचं," ताई म्हणाली. "आणि एक शब्द बोलू नकोस."

स्टोअरमध्ये येऊन तिने पुढच्या पंपाला पाना लावला आणि तोही तसाच केसभर मागे-पुढे करत सोडवला. सव्वा फेरा. दादाने डाव्या हातात खडू धरून रेघ मारली आणि मान वाकडी करून पाहिली.

"तिरकी आली गं."

"येऊ दे," ती म्हणाली. "शाफ्ट फिरलाय."