पांगारमाळाचे खांब

"मच्छिंदर, तुझ्या हाताला लकवा भरलाय का रं?" यमुनाबाईनं अंगणातनंच तोंड सोडलं. "उन्हाळ्यात रवलेला खांब पावसाळ्यात मान टाकतोय. असलं फुकटचं काम करूच नये मानसानं!"

मच्छिंद्र पुण्याजवळच्या वारज्याचा. बापाची जमीन इमारतींखाली गेली, तरी त्याच्या हाताची माती काही सुटली नव्हती. एरवी वायरिंगची कामं करायचा, आणि सुट्टी मिळाली की तनुजाच्या मंडळाबरोबर डोंगरातल्या वाड्यांवर सौरदिवे बसवायला जायचा. तनुजा आयटीतली पोर, पण चिखलात उतरायला मागंपुढं न बघणारी. पानशेतच्या पल्याड, पांगारमाळावर, त्यांनी उन्हाळ्यात घरटी एक खांब रोवून दिवा दिला होता. बुधवार पेठेतनं वायरी नेल्या, पॅनल डोक्यावरनं चढवले. दिवे लागले तेव्हा ह्याच यमुनाबाईनं त्याच्या तोंडात गूळ घातला होता. आता आषाढ लागला होता, डोंगर ढगात बुडाला होता, आणि तिनं फोन करून त्याला आणि तनुजाला बोलावून घेतलं होतं.

"काकी, वळंबा लावून सरळ उभा केलाय म्या," मच्छिंद्र पुटपुटला. खाली बसून त्यानं खांबाचं बूड चाचपलं. सिमेंट शाबूत होतं. नट घट्ट होते. मग त्यानं सहज शेजारच्या घराकडं पाहिलं. तिथलाही खांब कललेला. त्याच्या पलीकडचाही. सगळेच्या सगळे दरीकडं झुकलेले.

वाऱ्यानं एखादा पडंल. सगळे एकाच अंगाला कशानं वाकतील?

"तनुजाताई, जरा वर चला माज्यासंगं."

वाडीच्या माथ्यावर गवतात चीर पडली होती. वरनं दिसायला पाण्याच्या पाटागत, पण मच्छिंद्रनं हातातली काठी घातली तर ती मुठीपर्यंत आत गेली. कान लावला, तर आत खोल कुठंतरी पाणी गुळगुळत होतं.

"हे सरकतंय," तनुजा हळूच म्हणाली. तिनं खडकावर चढून रेंज पकडली, तालुक्याला फोन लावला. वाटेत दरड आली होती. मदतीला माणसं निघाली होती, पण आज पोचायची शाश्वती नव्हती.

दोघं धावत खाली आले. यमुनाबाईचा नवरा गेनबा वाडीत सगळ्यांत वडीलधारा. तो हलला की वाडी हलणार.

"आबा, आत्ताच्या आत्ता समद्यांनी वढ्यापल्याडच्या शाळंत चला. डोंगर फाटलाय," मच्छिंद्र म्हणाला.

"आमच्या आज्यापासनं डोंगर हितंच हाय," गेनबानं तंबाखू चोळत म्हटलं. "तो काय भाड्यानं ऱ्हातोय व्हय, उठून जायाला?"

"आबा, ऐका हो माझं. प्लीज," तनुजानं हात जोडले.

"अगं बाई, शाळंत मिट्ट काळोख. पोरंबाळं घिऊन तितं इचूकाट्यात निजायचं? आधी गेलो असतो एकवेळ. आता घरात दिवा हाय."

मच्छिंद्रनंच लावलेल्या दिव्यानं माणसं इथं बांधून घातली होती. त्यानं पिशवीतनं पक्कड काढली आणि यमुनाबाईच्या घरात शिरून वायर तोडली. दिवा, बॅटरी पोत्यात. मग शेजारचं घर. मग त्याच्या पलीकडचं.

वाडीत एकच गलका उठला. "दिल्यालं काढून नेतोस? मुडदा बशिवला तुजा!" कुणी शेण फेकून मारलं. मच्छिंद्रनं मान वर केली नाही.

"ह्ये दिवं शाळंत लावतोय," तो एवढंच म्हणाला. "ज्याला उजेड पायजे त्यानं खाली यावं."

पोती पाठीवर टाकून दोघं निघाले. आणि शिव्या देत देत, पोरं काखेला मारून, वाडी त्यांच्या मागं उतरली.

शाळेत दिवे लागले. भरदुपारी तिन्हीसांजेसारखं झालं होतं. कुणी मच्छिंद्रशी बोलेना. गेनबा सगळ्यांत शेवटी आला, भिंतीला टेकला आणि लगेच उठला.

"म्हस गाभण हाय. खुट्याला मरंल. दावं सोडून आलोच."

मच्छिंद्रनं त्याचा दंड धरला. "आबा, नगा."

"तू तुजं दिवं आनलंस की रं. म्या माजी म्हस आनू नगो?" म्हाताऱ्यानं हात झटकला आणि इरलं डोक्यावर घेऊन तो पावसात दिसेनासा झाला.

पुढं काय झालं ते कुणी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. डोंगर घसा खाकरतोय तसा आवाज आला. पायाखालची जमीन थरथरली, आणि ओल्या, कच्च्या मातीचा वास शाळेत घुसला. ढग फाटला तेव्हा पांगारमाळ नव्हता. माथ्यापासनं ओढ्यापर्यंत सोललेल्या बकऱ्यागत लालभडक उतार होता.

बऱ्याच वेळानं म्हैस आली. एकटीच. चिखलानं माखलेली, गळ्यात लोंबणारं दावं.

यमुनाबाईनं दाव्याचं टोक हातात घेतलं, बोटांनी चाचपलं.

"तुटल्यालं न्हाय," ती म्हणाली. "त्येनंच सोडलंय."

मच्छिंद्रला तिच्याकडं बघवेना. तनुजा तोंडाला ओढणी लावून भिंतीकडं वळली होती. मागं बायकांनी गळा काढला, तशी यमुनाबाई खेकसली, "गप बसा!" आणि म्हैस वळचणीला बांधत म्हणाली, "मच्छिंदर, एक दिवा भाईर टांग. म्हातारा यील तर त्याला वाट दिसाय पायजे."

त्यानं दिवा उचलला. दारावरच्या खिळ्याला टांगला. यमुनाबाई पायरीवर बसली, उताराकडं तोंड करून. उजेडात पाऊस तेवढा दिसत होता.