हरिणीच्या गळ्यातली घंटी

मी घंटी बोलतेय. देवळातली नव्हे, तिथल्या घंटीला लोक निदान हात तरी जोडतात. मी गुरांच्या गळ्यातली पितळी घंटी, आणि सध्या लोहाऱ्यापलीकडच्या टेकडीवर एका हरिणीच्या गळ्यात आहे. पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींना माझा आवाज फार गोड वाटतो. वाटू दे. त्यांच्या गळ्यात कुठे बांधलंय मला!

मैनाबाईनं मला वणीच्या बाजारात घेतलं ते तिच्या कपिला गाईसाठी. कपिला याच टेकडीवर चरायची. ती झुडपांत दिसेनाशी झाली की गुराखी माझ्या आवाजावर तिला हुडकायचा. हरणं मात्र मला ऐकताच शेपट्या वर करून पळत. घंटीमागून गुराखी येतो आणि गुराख्यामागून कुत्री, हे त्यांना पाठ झालेलं. हरिणी पिल्लाला गवतात दडवून चरायला जाते, पिल्लू निपचित पडून राहतं आणि ती परत येऊन त्याला पाजते, हे मी तिथंच पाहिलं.

मैनाबाईनं ते कधी पाहिलं नव्हतं. कपिला म्हातारी होऊन मेली, मी गोठ्यातल्या खुंटीला लागले. मग एका सकाळी सरपणाला गेलेली मैनाबाई पदरात चितळाचं पाडस घेऊन घरी आली.

"माय सोडून गेली वो बिचारीले," ती शेजारणीला सांगत होती. "गवतात एकटीच पडून होती. अशी कशी माय म्हनाव!"

ती माय दिवसभर टेकडीच्या उतारावर हाका मारत फिरत होती. मला ऐकू येत होतं. पण खुंटीवरच्या घंटीला कोण विचारतं?

मैनाबाईनं पाडसाचं नाव राणी ठेवलं. बाटलीनं दूध पाजलं, पोटच्या पोरीसारखं वाढवलं. तिची माया खोटी नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. राणी मोठी झाली, लोकांच्या तुरीत तोंड घालू लागली. शेजारी भांडायला आले, कोणी फॉरेस्टवाल्यांची भीती घातली. शेवटी मैनाबाई तिला टेकडीवर सोडायला निघाली. निघताना तिनं मला खुंटीवरून काढलं आणि नायलॉनच्या दोरीनं राणीच्या गळ्यात पक्कं बांधलं.

"घंटी असली का लोकाईले समजते, पाळेल हाये म्हनून," ती डोळे पुसत म्हणाली. "आता तुले कोनी मारत नाही, बाई."

खरंच, कोणी मारलं नाही. राणी कळप पाहून धावली, मी वाजले आणि कळप उधळला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आपल्याच जातीची पाठ तेवढी बघत ती दिवसामागून दिवस एकटी चरायची.

अशात घनश्याम सरांना आमचा शोध लागला. हे सर सुट्टीच्या दिवशी यवतमाळच्या हौशी मंडळींना पहाटे टेकडीवर हरणं दाखवायला आणतात. आधी बिचारे पुष्कळदा हात हलवत परत जायचे. आता सर नुसता कान देतात, माझ्या आवाजामागं येतात, आणि बिस्किटाचा पुडा वाजवला की राणी हजर! माणसांतच वाढलेली ती, दुसरं कोण होतं तिला?

एकदा सुरभी नावाची मुलगी त्यांना म्हणाली, "सर, घंटी काढून टाका ना तिची. तिच्यामुळं कळप पळून राह्यला."

सर हसले. "काढली तर तुले हरीण दिसन कसं? अन् एवढ्या पहाटी उठून कायले आली मंग तू?"

सगळेच हसले. सुरभीही जराशी हसली आणि तिनं मोबाईल काढला.

पण राणी शिकली. मान ताठ धरायची, पाय अगदी हळू उचलायचा, की मी वाजत नाही. मान खाली घातली की मी वाजणारच, म्हणून कळप जवळ असला की ती चरेना. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. तरी रोज ती थोडी आणखी जवळ जायची. मीही जीव मुठीत धरून गप्प राहायची.

आज पहाटे ती पोचली. कळपाच्या मधोमध उभी राहिली. एका म्हाताऱ्या हरिणीनं तिचा कान हुंगला, मग पाठ चाटली. राणी थरथरत होती, पण मान तिनं हलू दिली नाही. एवढं सुख तिला कधी मिळालं नव्हतं.

खालून सर मंडळी घेऊन आले. "आज घंटी काहून वाजत नाही?" त्यांनी पुडा वाजवला, राणीला हाक मारली. राणीनं वळूनही पाहिलं नाही. दाट झुडपांत कोणालाच काही दिसेना.

"थांबा, आता वाजते पाहा," सर म्हणाले, आणि त्यांनी दगड उचलून झुडपात भिरकावला.

राणी दचकली. त्या साऱ्यांच्या मधोमध मी खणखणून वाजले. अख्खा कळप राणीला मागं टाकून सोनेरी उन्हात उड्या मारत टेकडीवरून उतरला. "वा! काय सीन आहे!" सगळे ओरडले. फोटो फार सुंदर आले म्हणे.

लोकहो, पहाटे टेकडीवर याल तेव्हा माझा आवाज ऐकून माझ्यामागं येऊ नका. आलातच, तर हातात बिस्किटाऐवजी कात्री घेऊन या.

सध्या राणी सरांच्या तळहातावरून बिस्कीट खातेय. प्रत्येक घासाला मी वाजतेय, आणि सर सगळ्यांना सांगतायत, "पाहा, किती जीव लावते आपल्याले!"